कॉपी अर्ध्यात अडकते, दर वेळी वेगळ्याच फाइलवर. डिस्क गेली म्हणायची का?

कारंजावाला | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं नुसताच वाचत होतो, आज गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

घरी (रविवार कारंजा, नाशिक) २०१२ साली असेंबल करून घेतलेला पीसी आहे. त्यात १ टीबीची साडेतीन इंची हार्डडिस्क. वडिलांना फोटोंचा नाद. २००३ च्या सिंहस्थाचे रोलवर काढलेले फोटो त्यांनी नंतर स्कॅन करून घेतले, २०१५ चे डिजिटल, शिवाय दर रंगपंचमीचे रहाडीतले, म्हणजे रंगाच्या हौदातले. सगळं मिळून ६४० जीबी. दुसरी प्रत नाही. (शिव्या नंतर घाला, आधी उपाय सांगा.)

गेल्या आठवड्यात ४ टीबीची नवी डिस्क आणली, त्याच पीसीत बसवली आणि जुनीवरून नवीवर कॉपी लावली. पाच-दहा मिनिटं सेकंदाला ९०-१०० एमबीचा वेग मिळतो. मग आकडा घसरत घसरत शून्यावर, माउससुद्धा अडखळतो आणि विंडोज आय/ओ डिव्हाइस एरर दाखवते. कोडच्या शेवटी ०४५डी. दोनदा तर जुनी डिस्क 'धिस पीसी'मधून गायबच झाली. रीस्टार्ट केल्यावर परत हजर.

एम.जी. रोडवर एका दुकानात गेलो. त्यांनी डिस्क कुठे जोडलीच नाही. हातात घेतली, नारळ बघतात तशी कानाशी हलवली आणि म्हणाले, "गेली. रिकव्हरीला टाका, अठरा हजार." वडील तेव्हापासून जेवताना गप्प असतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निफाडी | सोमवार, रात्री ९:५८

कमांड प्रॉम्प्ट उघडा, चेकडिस्क स्लॅश आर मारा, रात्रभर चालू द्या. माझी अशीच सुधारली होती.

देवळाली_कॅम्प | सोमवार, रात्री १०:१०

कारंजावाला, कृपा करून ते करू नका. निदान आज तरी नको.

चेकडिस्क ही डेटा वाचवणारी वस्तू नाही. तिला फाइल सिस्टिमचा हिशोब जुळवायचा असतो, आणि तो जुळत नसेल तर ती तुमच्या फाइलची नोंद खुशाल छाटून टाकते. स्लॅश आर लावलं की अख्खी डिस्क सेक्टर सेक्टर, म्हणजे डेटाचा एकेक छोटा कप्पा, वाचून काढते. डिस्क खरंच आजारी असेल तर एवढ्या दगदगीत ती पुरती झोपू शकते. आणि डिस्क ठणठणीत असून वाटेत, म्हणजे केबलमध्ये वगैरे, दोष असेल, तर चांगले सेक्टरही तिला वाचता येत नाहीत आणि ती त्यांना खराब ठरवून मोकळी होते. एकच प्रत असलेल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही, एवढं आत्ता पाळा. निफाडी, तुमची सुधारली यात तुमचं नशीब मोठं.

आता दोन गोष्टी सांगा.

डिस्कचं स्मार्ट रीडिंग, म्हणजे ती स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढा. क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं, त्याने काही बिघडत नाही. ०५, सी५, सी६ (खराब सेक्टरांचे हिशोब) आणि सी७ (वाटेतल्या चुकांचा) या चार ओळींचे शेवटचे रॉ आकडे इथे टाका. ते हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या हिशेबात असतात, आकड्यांत अक्षरंही दिसतील, घाबरू नका.

दुसरं, कॉपी दर वेळी त्याच फाइलवर अडकते की वेगवेगळ्या? शीर्षकात 'वेगळ्याच' लिहिलंय, ते नक्की का?

बिटबाबा | सोमवार, रात्री १०:३१

डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. सकाळी गार गार लावा आणि पटापट कॉपी करा. जुना रामबाण.

देवळाली_कॅम्प | सोमवार, रात्री १०:३४

बाबा, नाशिकच्या जुलैत फ्रीजरमधून काढलेल्या ताटलीवर काय जमतं ते बघितलंय का कधी? तेच दव डिस्कच्या सर्किट बोर्डावर जमणार, आणि हवेचं भोक असलेल्या डिस्कमध्ये ओल आतही जाणार. ज्या काळात ही युक्ती एखाद्याला लागू पडली असेल त्या काळच्या डिस्कही आता राहिल्या नाहीत.

कारंजावाला | मंगळवार, सकाळी ७:५०

आकडे काढले. ०५ शून्य. सी५ मध्ये ८. सी६ मध्ये ८. सी७ मध्ये १ए४.

फाइलींचं तुमच्या प्रश्नामुळे नीट लिहून काढलं. सात वेळा कॉपी लावली, सहा वेळा सहा वेगळ्या फाइलींवर ०४५डी आला. त्यातल्या पाच फाइली नंतर एकेकट्या घेतल्या तर गुपचूप कॉपी झाल्या! पण एक फोटो आहे, २००३ चा, रामकुंडावरचा. तो आला की कोड वेगळा येतो, शेवटी ००१७, आणि मजकूर 'डेटा एरर, सायक्लिक रिडंडन्सी चेक'. तो मात्र दर वेळी तिथेच.

गंगापूररोडकर | मंगळवार, सकाळी ८:१५

सी५ शून्य नाही म्हणजे डिस्क गेली. पुढे काही बोलायचं कारणच नाही. अठरा हजार जास्त आहेत, घासाघीस करा.

देवळाली_कॅम्प | मंगळवार, सकाळी ९:०५

इतकं सोपं नाही हो. या रीडिंगमध्ये दोन वेगळी दुखणी एकमेकांत मिसळलीत.

सी५ म्हणजे वाचता न आलेले आणि निकालाची वाट बघत बसलेले सेक्टर. आठ हा आकडा मोठा वाटतो, पण २०११ पासूनच्या बहुतेक डिस्क आतून ४०९६ बाइटचा एकेक सेक्टर ठेवतात आणि बाहेर मात्र ५१२ बाइटचे आठ असल्याचं दाखवतात. त्यामुळे आठ म्हणजे बहुधा डिस्कच्या आत फिरणाऱ्या ताटलीवरची एकच जागा. ती जागा तुमच्या रामकुंडाच्या फोटोत आहे. म्हणून तो फोटो दर वेळी तिथेच अडतो.

सी७ चा ताटलीशी संबंध नाही. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये जाणाऱ्या डेटाला तपासणीचा आकडा जोडलेला असतो. पलीकडे तो जुळला नाही की डेटा परत मागवला जातो आणि सी७ एकाने वाढतो. तुमचा १ए४ म्हणजे आपल्या हिशेबात ४२०. वाटेत चारशे वीस वेळा माल फुटलाय.

गोंधळ होतो तो नावामुळे. विंडोज 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' म्हणते तेव्हा लोक केबल बदलत बसतात, कारण सी७ च्या नावातही तेच शब्द आहेत. प्रत्यक्षात विंडोजचा तो निरोप बहुतेक वेळा ताटली वाचता आली नाही याचा असतो. केबलच्या भानगडीत तो ०४५डी, डिस्क गायब होणं, वेग शून्यावर येणं, असलं काहीतरी दिसतं.

ताटली खराब असली तर ती जागा बदलत नाही. वाट खराब असली तर दर वेळी वेगळा माणूस खड्ड्यात पडतो. तुमच्या सहा फाइली दुसऱ्या जातीच्या आहेत, फोटो पहिल्या.

आज फक्त डेटा केबल बदला. लॅचची, म्हणजे चिमटीची क्लिप असलेली घ्या, पीसीच्या झाकणाला दाबून काटकोनात मुडपू नका. मदरबोर्डावरचा पोर्टही बदला. मग कॉपी नको, नुसत्या दहा-पंधरा मोठ्या फाइली वाचून बघा आणि सी७ परत पाहा. तो शून्यावर कधीच येत नाही, जन्मभराचा हिशोब असतो. वाढतो का तेवढंच बघायचं.

मास्तर_नाशिकरोड | मंगळवार, सकाळी १०:२०

अवांतर आहे, पण राहवत नाही. एक्सपीच्या काळात हा खेळ आम्ही शाळेच्या लॅबमध्ये रोज खेळायचो. चपटी रुंद केबल, कडेला लाल पट्टी, ती पट्टी एक नंबरच्या पिनकडे. सहा वेळा वाटेत असा डेटा फुटला की विंडोज त्या डिस्कचा वेग पायरी पायरीने उतरवायची, शेवटी पीआयओ या सगळ्यात मंद मोडवर. मग सीडी कॉपी करायला मुलांचा तास संपायचा. पोरं म्हणायची सर, व्हायरस आलाय. व्हायरस कसला, चाळीस तारांची जुनी केबल लावलेली असायची, पाहिजे असायची ऐंशी तारांची. पिना दोन्हींच्या चाळीसच, त्यामुळे बसायची व्यवस्थित. ऐंशीची लावली तरी वेग जागेवरच राहायचा. डिव्हाइस मॅनेजरमधून आयडीई चॅनेल (त्या चपट्या केबलची नोंद) काढून रीस्टार्ट केलं की मग विंडोजचा रुसवा जायचा.

कारंजावाला | मंगळवार, रात्री ८:३०

केबल नवी, पोर्ट नवा. सी७ होता १ए४, अर्ध्या तासाच्या वाचनात १बी० झाला. म्हणजे बारा वाढले. डिस्क एकदा गायबही झाली.

आता खरंच हात टेकले.

गंगापूररोडकर | मंगळवार, रात्री ८:४२

बोललो होतो.

सातपूरचा_फिटर | मंगळवार, रात्री ११:१५

सेकंड शिफ्ट करून आत्ता धागा वाचला. मी कॉम्प्युटरवाला नाही, सातपूर एमआयडीसीत मशिन मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे मशिन बंद पडलं की पहिला प्रश्न एकच, शेवटी हात कोणी लावला आणि कशाला लावला?

भाऊ, नवी डिस्क बसवायच्या आधी जुनी असं करत होती का? आणि दोन्ही डिस्कना पॉवर कुठून दिलीय?

कारंजावाला | मंगळवार, रात्री ११:२२

अजून जागाच आहे. नाही हो, आधी कधीच नाही! डिसेंबरात वडिलांनी तीनशे फोटो पेन ड्राइव्हवर घेतले होते, काही झालं नव्हतं.

पॉवरचं म्हणाल तर एसएमपीएसमधून (पीसीच्या पॉवर सप्लायमधून) येणारा एकच साटा, म्हणजे आताच्या डिस्कना लागणारा चपटा कनेक्टर मोकळा होता आणि तो डीव्हीडीपर्यंतच पोचत होता. म्हणून दुकानातून ऐंशी रुपयांचा स्प्लिटर आणला. एकीकडे चार पिनांचा जुना मोलेक्स, दुसरीकडे दोन साटा. दोन्ही डिस्क त्याच्यावर.

सातपूरचा_फिटर | मंगळवार, रात्री ११:३८

सापडलं बहुतेक. उद्या सकाळी पीसी बंद करून स्प्लिटरचं मोलेक्सचं टोक काढा आणि आत टॉर्च मारून बघा. मल्टिमीटर असेल तर मोलेक्सच्या मागच्या बाजूने, वायर आत शिरते तिथून, काळ्या आणि लाल वायरीत ५ व्होल्ट, काळ्या आणि पिवळ्यात १२ व्होल्ट मोजा. कॉपी चालू असताना मोजा, नुसतं बसलेलं असताना सगळेच शहाणे असतात. टोकं एकमेकांना टेकवू नका, धूर निघेल. पाच टक्के कमीजास्त चालतं. म्हणजे लाल ४.७५ च्या खाली जाता कामा नये, पिवळी ११.४ च्या खाली.

साडेतीन इंची डिस्कची मोटर १२ वर फिरते, सुरू होताना दोनेक अँपिअर ओढते. सर्किट चालतं ५ वर. ढिल्या पिनेतून ५ व्होल्ट पोचता पोचता पडले तर डिस्क फिरत राहते पण बोलताना अडखळते. तुमच्या त्या सी७ ला केबलचा दोष आणि भुकेल्या डिस्कचा दोष यातला फरक कळत नसणार, असं मला वाटतं. देवळाली मॅडम सांगतील.

देवळाली_कॅम्प | बुधवार, सकाळी ७:१०

बरोबर वाटतंय. मी केबलपाशीच थांबले, पॉवर विचारायला हवी होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, १२९ नंबरचे इव्हेंट, 'रीसेट टू डिव्हाइस', असतील तर तेही जुळेल. ताटलीची तक्रार असते ती ७ नंबरची, 'बॅड ब्लॉक'.

कारंजावाला | बुधवार, दुपारी १:२०

फिटरभाऊ, तुम्हाला मिसळ लागू.

मोलेक्स काढला तर लाल वायरीच्या भोकाभोवतीचं पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं तपकिरी झालेलं. आतली पितळी नळी इतकी सैल की पिन आत खुळखुळते. वासही येत होता, जळकट गोडसर. शेजारच्या काकांकडून मीटर आणलं. स्प्लिटरवर कॉपी चालू असताना लाल ४.५८, मधूनच ४.५ च्या खाली. एसएमपीएसच्या दुसऱ्या मोकळ्या मोलेक्सवर ४.९६. पिवळी दोन्हीकडे ठीक.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ ची रांग लागलीय. ७ फक्त चार आहेत, चारही फोटो उघडला त्या वेळचे.

डीव्हीडी काढून टाकला (शेवटचा कधी वापरला आठवत नाही), त्याचा कनेक्टर थेट जुन्या डिस्कला. नवी डिस्क तात्पुरती बाहेर. तासभर फाइली वाचल्या. सी७ आता १बी५ आहे आणि तिथून हललेला नाही!

बिटबाबा | बुधवार, दुपारी १:४५

फ्रीजरचं विसरा.

गंगापूररोडकर | बुधवार, दुपारी २:३०

सी५ तरीही आहेच. मी एवढंच म्हणत होतो.

देवळाली_कॅम्प | बुधवार, दुपारी ३:००

आहेच, आणि त्यात तुमचं चूक नाही. उलट आता पॉवर सरळ झाल्यावरच त्या जागेकडे जायचंय. भुकेल्या डिस्कवर रिकव्हरी चालवली असती तर शंभर ठिकाणी खोटे खड्डे दिसले असते.

कारंजावाला, आता विंडोजमधली कॉपी नको. ती खराब जागी पोचली की तिथेच डोकं आपटत बसते. रोबोकॉपी (विंडोजचीच, कमांडने चालणारी कॉपी) वापरणाऱ्यांसाठी सांगते, त्यात काही न सांगितल्यास एका फाइलसाठी दहा लाख प्रयत्न आणि प्रत्येक प्रयत्नामागे ३० सेकंद विश्रांती, असं ठरवलेलं असतं. लोकांना वाटतं पीसी हँग झाला.

लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह (त्यावरूनच पीसी सुरू होतो) बनवा आणि डीडीरेस्क्यू चालवा. तो आधी सोपा भाग सगळा उचलतो, अडलं की उडी मारून पुढे जातो, खराब जागेला शेवटी हात घालतो. पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, नव्या डिस्कवर फाइल म्हणून घ्या आणि मॅपफाइलचं (कुठवर वाचलं त्या नोंदीच्या फाइलचं) नाव द्यायला विसरू नका. मध्ये लाइट गेली तरी मॅपफाइल असली की जिथे थांबलं तिथून पुढे चालू होतं. नव्या डिस्कला पॉवर त्या ४.९६ वाल्या मोलेक्सवरून द्या, वेगळ्या चांगल्या कन्व्हर्टरने, एकटीला. आणि एंटर मारायच्या आधी कुठली डिस्क कुठली ते सिरियल नंबर वाचून ठरवा. सोर्स आणि डेस्टिनेशन उलटं टाकलं तर रिकामी डिस्क भरलेलीवर लिहिली जाते. माझ्या ऑफिसात एकाने केलंय. त्या दिवशी कुणी कुणाशी बोललं नाही.

निफाडी | बुधवार, संध्याकाळी ६:१०

मध्येच विचारतो, माफी. माझ्या बागेच्या ड्रोन शूटिंगची एक फाइल ७ जीबीची आहे, पेन ड्राइव्हवर जातच नाही. जागा ३२ जीबी मोकळी. माझीपण पॉवर का?

मास्तर_नाशिकरोड | बुधवार, संध्याकाळी ६:२५

नाही, तुमचा पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटचा. त्यात एक फाइल ४ जीबीहून मोठी मावत नाही, जागा कितीही असो. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

कारंजावाला | शुक्रवार, सकाळी ८:००

काल संध्याकाळी लावलं, साडेतीन-चार तासांत १ टीबी झालं. सुरुवातीला वेग ११० च्या आसपास, शेवटी ६० वर आला. घाबरलो होतो, पण ताटलीच्या आतल्या भागात वेग कमीच असतो असं वाचलं. रात्री एकदाच लाइट गेली, सव्वाअकराला. मॅपफाइलमुळे निभावलं. शेवटी न वाचलेला भाग ४०९६ बाइट. तीन वेळा परत प्रयत्न करून तेवढाच राहिला.

इमेज उघडली, सगळे फोल्डर दिसले, सगळं नव्या डिस्कवर कॉपी झालं आणि एकही एरर नाही. रामकुंडाचा फोटोही कॉपी झाला. तो वाचला का मग?

देवळाली_कॅम्प | शुक्रवार, सकाळी ९:३०

नाही, तीच फसगत आहे. जिथे वाचता आलं नाही तिथे इमेजमध्ये शून्यं बसलीत. इमेजवरून कॉपी करताना शून्यंही आनंदाने कॉपी होतात, कुणी तक्रार करत नाही. फोटो उघडून बघा. ती फाइल आधीच माहीत होती हे बरं, नाहीतर साठ हजारांतली कुठली ते शोधत बसला असतात.

जुनी डिस्क एवढ्यात फॉरमॅट करू नका. आणि आजच दुसरी प्रत बाहेर कुठेतरी जाऊ द्या, बहिणीकडे, मित्राकडे, कुठेही. त्याच पीसीत दोन डिस्क म्हणजे दोन प्रती नव्हेत, त्याच एसएमपीएसवर दोघी बसल्यात.

कारंजावाला | शुक्रवार, रात्री १०:१५

उघडला. वरचा अर्धा भाग स्वच्छ, घाटाच्या पायऱ्या, गर्दी, एका साधूची छत्री. त्याखाली एक करडी पट्टी आणि तिथून पुढे सगळं पाणी गुलाबी, चित्रही चार बोटं डावीकडे सरकलेलं. वडिलांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला. म्हणाले, "निगेटिव्ह कपाटात असेल." शोधतायत. ट्रंकेचा ढीग अंगणात आलाय.

दुसरी प्रत एका पोर्टेबल डिस्कवर घेतली, ती उद्या आत्याकडे इंदिरानगरला. सी७ अजून १बी५.

सातपूरचा_फिटर | शुक्रवार, रात्री ११:३०

स्प्लिटर फेकलात ना?

कारंजावाला | शनिवार, सकाळी ७:४५

टोक कात्रीने कापलं. वायर वडिलांनी ठेवून घेतली, कामाला येईल म्हणाले.

निफाडी | शनिवार, सकाळी ८:२०

एक्सफॅट केलं, फाइल गेली. मास्तर, द्राक्षं कुठे पाठवू?